झटका कुठे जिरतो?

तिसऱ्या पाळीत रात्री दोननंतर कारखान्याचा आवाज बदलतो. मशीनं तीच असतात, पण माणसं बोलायची थांबतात, म्हणून कन्व्हेअरची कुरकुर ऐकू येऊ लागते. चाकणजवळच्या एका कंपनीत मी ट्रेनी होतो तेव्हाची गोष्ट. अशाच एका रात्री माझ्या हातून एक बोल्ट तिरका बसला. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, शंका आली की दोरी ओढायची. ओढली. पिवळा दिवा लागला, लाईन थांबली, बालवाडीत शोभेल अशी धून वाजू लागली आणि पलीकडून आमचे सुपरवायझरसाहेब ओरडत आले, ‘‘कोण लटकलंय रे दोरीला?’’ बोल्टकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. घड्याळाकडे पाहिलं.

पुढे महिनाभर आमच्या पाळीत कुणी दोरीला हात लावला नाही. बोर्डावर रोज हिरव्या मार्करने ‘लाईन स्टॉप : ० मिनिटं’ लिहिलं जायचं आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला रिवर्कच्या गाड्यांची रांग लागायची.

ही दोरी मूळची जपानी. साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यांच्या घराण्याच्या मोटार कारखान्यात तोच विचार पुढे कामगाराच्या हाती दोरीच्या रूपाने आला. आपण दोरी आणली, दिवे आणले, धूनही आणली. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस तेवढा इथलाच राहिला. चाकणला २००९च्या सुमारास जर्मन कंपन्या आल्या, तेव्हा वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धतही आली. आमच्या लोकांनी ती अशी काही पचवली की पहिल्या नावापुढे ‘सर’ लागलं आणि प्रश्न मिटला!

त्या सुपरवायझरसाहेबांना मी बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुढे त्यांच्यासारख्याच खुर्चीत बसल्यावर कळलं की त्यांचा तो आवाज त्यांचा नव्हताच. आमच्या पट्ट्यात मोठ्या गाडी कंपन्या सुट्या भागांचा साठा तासांवर मोजतात. पार्टचा ट्रक तळेगाव चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला की कंपनीतून व्हेंडरला फोन जातो. लाईन थांबली तर डेबिट नोट येणार, हे दोघांनाही माहीत असतं. व्हेंडरचा प्लांट हेड शिफ्ट इनचार्जला धरतो, इनचार्ज सुपरवायझरला, सुपरवायझर ठेकेदाराच्या माणसाला. शेवटी ते सगळं येऊन पडतं मेदनकरवाडीत पाचजणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या, तीन महिन्यांपूर्वी गावाकडून आलेल्या पोरावर. कॉन्फरन्स रूममधून निघताना शिवी इंग्रजीत असते, शेवटच्या मशीनपर्यंत पोचते तोवर ती आई-बहिणीवर आलेली असते.

गाडीच्या चाकापाशी स्प्रिंग असते आणि तिच्या जोडीला शॉक अॅब्सॉर्बर. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग झटका घेते आणि तशीच उसळून परत देते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर ती मैलभर डुलत राहील. शॉक अॅब्सॉर्बरमधलं तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकललं जातं, तापतं, आणि झटका त्या उष्णतेत जिरतो. मला आजवर भेटलेले बहुतेक वाईट साहेब दुष्ट नव्हते. ते स्प्रिंग होते. वरून जे आलं, ते त्याच जोराने खाली. चांगले साहेब गोड बोलणारे होते असंही नाही, त्यातले दोन तर कमालीचे तुसडे होते. पण झटका त्यांच्यापाशी येऊन संपायचा. तेल त्यांचं तापायचं. असा माणूस काम करत असतो तोवर गाडीत बसलेल्याला तो आहे हे जाणवतही नाही. तेल गळायला लागलं की मग सगळे म्हणतात, रस्ता खराब झालाय.

पिंपरीत मोठ्या साहेबांचा विषय निघाला की सुमंत मुळगावकरांचं नाव निघणारच. साठच्या दशकात टेल्कोचा, म्हणजे पुढच्या टाटा मोटर्सचा, कारखाना इथल्या उघड्या माळावर उभा राहत होता, तेव्हा त्यांनी तिथे झाडं लावून घेतली, तळं करवून घेतलं आणि शिकाऊ मुलांसाठी प्रशिक्षण विभाग काढला. ‘सुमो’ गाडीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या दोन-दोन इंग्रजी अक्षरांवरून आलं. ते ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवायचे ही व्हॉट्सअॅपवर फिरणारी गोष्ट मी मुद्दाम सांगत नाही. मला ते तळं पुरतं. ट्रक बनवायच्या जागेवर आधी सावलीचा विचार करणारा साहेब काय समजून होता, हे त्यातून कळतं.

मुळगावकर १९८९ साली गेले आणि त्याच वर्षी त्याच टेल्कोत राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची युनियन आणि रतन टाटांचं व्यवस्थापन यांचा संघर्ष पेटला. सप्टेंबरात शनिवारवाड्यापाशी कामगार उपोषणाला बसले, महिन्याच्या अखेरीस रात्री पोलिसांनी त्यांना उचललं. त्या लढ्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलंय. मला त्यात दिसतो तो मधला माणूस. ज्याच्याबरोबर काल एका कँटीनमध्ये जेवला, त्याच्यासमोर आज गेटवर उभं राहायची पाळी आलेला सुपरवायझर. कायद्याच्या व्याख्येतही तो बिचारा ना धड कामगार, ना धड मालक.

कायद्यावरून आठवलं. आपल्या राज्यात १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली मालकाच्या अनुचित प्रथांची यादी वाचली तेव्हा मी थक्क झालो. धोरणाच्या नावाखाली आकसाने बदली करणं त्यात आहे. माणसाला वर्षानुवर्षं बदली कामगार किंवा हंगामी ठेवून पर्मनंटच्या हक्कापासून दूर ठेवणं आहे. आणि गुणवत्ता न बघता एका गटावर मर्जी ठेवणंही आहे. म्हणजे ‘साहेबाचा लाडका’ हा प्रकार चहाच्या टपरीवर पोचण्याआधी विधिमंडळापर्यंत पोचलेला होता. ओरडण्याला मात्र कलम नाही. ते ज्याने त्याने निभवायचं.

आणि ओरडण्याची किंमत कधी कधी बोटांत मोजावी लागते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. हेतू हा, की एकही हात डायखाली राहू नये. एका छोट्या शेडमध्ये मी डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकलेली पाहिली. पाचरीला हाताळून हाताळून तुळतुळीत चमक आली होती. ऑपरेटर एका हाताने पीस सरकवत होता, दुसऱ्याने बटण दाबत होता. पाचर ठोक असं कुणीही लिहून दिलेलं नसणार. बोर्डावर तासाचं टार्गेट होतं आणि दर तासाला एक माणूस येऊन ते किती झालं हे वरच्या पट्टीत विचारत होता, एवढंच. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या अपघातांचे ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यांत पॉवर प्रेस आणि तुटलेली बोटं पुन्हा पुन्हा भेटतात.

अशा साहेबापुढे करायचं काय? नोकरी सोडायचा सल्ला ज्याच्या घराचा हप्ता चालू नाही त्याने द्यावा. मला उपयोगी पडला तो टूलरूममधल्या एका मामांचा सल्ला. मशीनचा सेफ्टी इंटरलॉक बायपास कर, असं मला तोंडी सांगण्यात आलं होतं. मामा म्हणाले, ‘‘नाही म्हणू नकोस. पाळीच्या लॉगबुकात लिही, अमुक वाजता अमुक साहेबांच्या सांगण्यावरून बायपास करत आहे, आणि त्यांच्याकडे सहीला ने.’’ मी नेलं. साहेबांनी पान वाचलं, पेनाचं टोपण काढलं, परत लावलं आणि म्हणाले, ‘‘राहू दे, मेंटेनन्सला बोलव.’’ मामांच्या त्या युक्तीत मुजोरी नव्हती, म्हणून ती चालली. साहेबालाही माघार घ्यायला जागा उरली.

त्यानंतरच्या कंपनीत मला दुसरे साहेब भेटले. तिथेही पहिल्याच आठवड्यात माझ्यामुळे लाईन थांबली. त्यांचा फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला, ‘‘थांबलीय. माझं नाव लिहा,’’ एवढं बोलून पॅनलवर पालथा ठेवला आणि उकिडवे बसून माझ्या हातातला पार्ट उलटापालटा करून बघू लागले. फोन पॅनलवर थरथरत पुढे सरकत होता. त्यांनी तो पडू नये म्हणून कोपराने अडवला, पण उचलला नाही. बारा मिनिटं गेली. त्यांचं त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये काय झालं, हे आम्हाला कधी कळलं नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की झेंडूची एक माळ ते स्वतः त्या दोरीला बांधायचे. पन्नाशीत बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मुदतीआधीच त्यांनी निवृत्ती घेतली.

गेल्या दिवाळीत निगडीला त्यांच्या घरी फराळाला गेलो होतो. तुमच्यामुळे मी टिकलो, असं सांगायचं ठरवून गेलो होतो. काकूंनी चिवडा-चकल्या आणल्या, सोसायटीच्या पाण्याचं बोलणं झालं, नातीचे फोटो बघून झाले. सांगायचं ते राहिलंच. उठता उठता त्यांनी विचारलं, ‘‘तुझ्याकडे लाईन किती थांबते रे आता?’’

‘‘पाळीला दहा-बारा मिनिटं थांबते साहेब,’’ मी जरा ओशाळून म्हणालो.

‘‘म्हणजे पोरं दोरी ओढतायत,’’ ते म्हणाले, आणि मला पुन्हा खाली बसवून चिवड्याची बशी पुढे सरकवली.