प्रलयानंतरचा करार

बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथात सृष्टीची रचना ही मुख्यतः विभागणीची क्रिया आहे. प्रकाश अंधारापासून, वरचे जल खालच्या जलापासून, कोरडी भूमी समुद्रापासून वेगळी केली जाते; आणि पुढे नोहाच्या काळी आकाशाची द्वारे उघडून भूगर्भीचे झरे फुटतात, तेव्हा तीच विभागणी रद्द होऊन पाणी पुन्हा पाण्याला मिळते. संहार हा तेथे निर्मितीचाच उलटा प्रवास आहे. पंडितांनी ग्रंथोग्रंथी मांडलेला हा विचार सामान्य माणसाच्या डोळ्यांना दाखविण्याचे श्रेय मी सेसिल डी मिल यांच्या 'द टेन कमांडमेंट्स' (1956) या चित्रपटास देईन. तांबडा समुद्र दुभंगण्याच्या प्रसंगासाठी जॉन फुल्टन यांच्या हाताखालील कारागिरांनी मोठमोठ्या टाक्यांतून पाणी कोसळविले, त्याचे चित्रण केले आणि ती फीत उलटी चालविली. त्यामुळे एकमेकांवर धावून येणारे पाणी पडद्यावर दूर सरू लागले आणि मोशेच्या लोकांसाठी वाट मोकळी झाली. एका राष्ट्राला जन्म देणारे आणि फारोच्या रथांना गिळणारे पाणी एकच, फरक केवळ गतीच्या दिशेचा, हे सत्य त्या युक्तीत नकळत उतरले आहे. चमत्कार आणि चित्रपट यांची सोयरीक तशी जुनीच. आपल्या दादासाहेब फाळक्यांनाही चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहूनच झाली होती.

ज्या पॅरामाउंट संस्थेने मोशेची कथा पडद्यावर आणली, तिनेच थोडे आधी जॉर्ज पाल यांचे दोन विज्ञानपट प्रदर्शित केले होते. पैकी 'व्हेन वर्ल्ड्स कोलाइड' (1951) याचा आरंभच बायबलमधील जलप्रलयाच्या कथेने होतो. येथे तारवाच्या जागी अग्निबाण आहे, नोहाच्या जागी शास्त्रज्ञ आहेत, आणि कोणी वाचावे याचा निवाडा बव्हंशी चिठ्ठ्या टाकून होतो. ज्यांच्या चिठ्ठ्या निघत नाहीत ते शस्त्रे घेऊन चालून येतात. ज्याच्या पैशावर ते यान उभे राहिले तो चाकांच्या खुर्चीतला धनिक अखेरच्या क्षणी बाहेरच अडकतो आणि यान सुटताना खुर्चीतून उठून धडपडत पावले टाकू लागतो. त्या चार पावलांत जगण्याची जी नागडी आस दिसते, तिच्यापुढे शेवटी येणारा नव्या ग्रहाचा रंगविलेला सूर्योदय मला अगदी फिका वाटतो.

दुसरा, 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (1953). त्यात बायबल हाती धरून मंगळवासीयांना सामोरा जाणारा पाद्री भस्म होतो, शहर कोसळत असता लोक चर्चमध्ये आश्रय घेतात, आणि परकीयांना मारणाऱ्या सूक्ष्म जंतूंचे श्रेय निवेदक ईश्वराच्या शहाणपणाला देतो. तो निवेदकाचा आवाज सेड्रिक हार्डविक यांचा; तेच पुढे डी मिल यांच्या चित्रपटात फारो सेती झाले.

तेव्हा कथेचा सांगाडा, नट आणि संस्थासुद्धा सामाईक आहेत. परंतु विज्ञानपटांनी बायबलमधून जलप्रलय घेतला, तारू घेतले, निवडलेल्यांची यादी घेतली, आणि त्या कथेचा जो कळस तो मात्र मागेच ठेवला, अशी माझी फिर्याद आहे. पाणी ओसरल्यावर परमेश्वर नोहाशी, आणि केवळ नोहाशीच नव्हे तर प्रत्येक सजीवाशी, करार करतो की जलप्रलयाने सर्व प्राण्यांचा नाश पुन्हा होणार नाही. मेघांतील धनुष्य ही त्या कराराची खूण, आणि ती पाहून स्मरण करावयाचे आहे ते परमेश्वराने स्वतः. ज्याच्या हाती संहाराची संपूर्ण मुखत्यारी आहे त्यानेच स्वतःवर हद्द घालून घ्यावी, ही कल्पना मला साऱ्या प्रलयकथेत अपूर्व वाटते. पुराणांतील कल्पान्ताशी परिचित असलेल्या आपल्या वाचकाला तिचे वेगळेपण चटकन जाणवेल. आपला प्रलय कालचक्राच्या नियमाने पुनःपुन्हा येतो, तेथे वचनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

1952 च्या नोव्हेंबरात अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि ती मुखत्यारी माणसाकडे आली; वचन मात्र आले नाही. ही उणीव ज्याने नेमकी पकडली असा चित्रपट म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेतील 'द रॅथ ऑफ खान' (1982). त्यातील शास्त्रज्ञांनी निर्मिलेल्या यंत्राला उत्पत्तीच्याच ग्रंथाचे, 'जेनेसिस' हे नाव आहे, आणि त्याचे प्रात्यक्षिक संगणकाने रेखाटलेल्या सुमारे मिनिटभराच्या दृश्यात दिसते: निर्जीव गोलावर आगीची लाट पसरत जाते, पर्वत उठतात, पाणी साचते, हिरवळ दाटते. जेथे आधीच जीवन आहे अशा ठिकाणी ते वापरले तर काय, असे विचारताच उत्तर मिळते की नव्या रचनेसाठी जुने जीवन नष्ट होईल. येथे निर्मितीचे आणि संहाराचे यंत्र एकच आहे, आणि त्याला बांधून ठेवणारी शर्त कोठेच नाही. म्हणून पाल यांच्या रंगीत पहाटेपेक्षा हा चित्रपट मी अधिक प्रामाणिक मानतो. त्या यंत्रातून निर्माण झालेला ग्रह 1984 च्या पुढील चित्रपटात फुटून नष्ट होतो, कारण इतर शास्त्रज्ञांनी धोकादायक म्हणून त्याज्य ठरविलेले अस्थिर द्रव्य त्याच्या एका निर्मात्याने घाईपोटी त्यात वापरले होते.