चार अंगुळे

सत्यासत्याची चर्चा करणारे ग्रंथकार बहुधा मोठ्या प्रसंगांची उदाहरणे घेतात. रणभूमी, न्यायासन, मृत्युशय्या यांवाचून त्यांचे चालत नाही. आमच्यासारख्या संसारी माणसाच्या वाट्यास असले प्रसंग क्वचितच येतात. त्याची परीक्षा तिकिटाच्या खिडकीपाशी होते. आमची ती गेल्या उन्हाळ्यात हैदराबादेत झाली व तीत आम्ही साफ नापास झालो.

शाळांस सुट्टी होती, ऊन मी म्हणत होते, आणि दोन्ही मुलांनी ज्यास 'वॉटर पार्क' म्हणतात त्या स्थळाचा ध्यास घेतला होता. 2016 साली रावीर्याल येथे वंडरला उघडले तेव्हापासून मुलांच्या तोंडी त्याचेच नाव असते. तथापि आम्ही त्यांस शहराबाहेरच्या एका जुन्या जलोद्यानात नेले. जवळ पडते हे एक कारण. दुसरे असे की, विद्यार्थिदशेत, कायद्याची परीक्षा संपल्याच्या दिवशी, आम्ही मित्रमंडळींसह तेथे गेलो होतो. त्या वेळी ते नवे होते. त्या निळ्या घसरगुंड्या तेव्हा आम्हांस पाश्चात्त्य देशांचा एक तुकडाच वाटल्या होत्या.

आता तेथे वार्धक्य आले आहे. प्रवेशद्वारावरील डॉल्फिनचा रंग उडून तो एखाद्या आजारी म्हशीसारखा दिसतो. एका घसरगुंडीच्या जिन्यास साखळी लावलेली होती. लाटांचे तळे ठरलेल्या वेळीच जागे होते, व ते जागे होण्यापूर्वी पंपाची घरघर साऱ्या आवारात ऐकू येते. असो. मुलांस यातले काही दिसत नव्हते. त्यांना पाणी दिसत होते.

अशा बहुतेक ठिकाणी मुलांचे तिकीट उंचीवर ठरते. रेल्वे वय विचारते, आणि वयास दाखला लागतो; उंचीस भिंतीवरची एक रेघ पुरते. येथे ती साडेचार फुटांवर होती. धाकट्याचे डोके रेघेच्या वर निघाले, अगदी चार बोटे. खिडकीतील तरुण नोटा मोजीत होता. आम्ही मुलाच्या खांद्यावर हात ठेवला व किंचित दाबला. मूल शहाणे, त्याने गुडघे वाकविले. अर्धे तिकीट मिळाले. आम्ही एक अक्षरही खोटे बोललो नाही.

ज्याच्या धंद्यातच युक्तिवाद आहे त्याचे मन अशा वेळी स्वस्थ बसत नाही. फाटकापासून कपडे ठेवण्याच्या खोलीपर्यंतच्या शंभर पावलांत आम्ही आमचा बचाव पुरा केला. साखळी लावलेली घसरगुंडी पाहून तर तो अधिकच पक्का झाला: हे अर्धे उद्यान देतात, आम्ही अर्धे तिकीट देतो, अन्याय कोणावर? वास्तविक 1872 च्या करारकायद्याचे 25 वे कलम आमच्या तोंडपाठ आहे. मोबदला अपुरा, एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही, असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. 17 वे कलमही ठाऊक आहे. माहीत असलेली गोष्ट बुद्ध्या झाकून ठेवणे हेही कपटच, मग तोंडाने काही बोला वा न बोला. पण ही कलमे आम्हांस अशिलांच्या बाबतीत आठवतात. आमच्या कुलदेवतेच्या देवस्थानचा हिशेब तपासताना पावतीत पाच रुपयांची तफावत निघाली तर आम्ही बैठक लांबवितो, आणि येथे तीनशे रुपयांसाठी पोटच्या पोरास गुडघे वाकवावयास लावले!

दुपारी धाकटा सर्वांत उंच घसरगुंडीकडे निघाला. तिच्या जिन्यापाशी पुन्हा एक रेघ होती, तीही साडेचार फुटांचीच. ही मात्र तिकिटासाठी नव्हती. लहान अंगाचे मूल वेगात आवरत नाही, आणि खालच्या कुंडात उभे राहिल्यावर त्याचे डोके पाण्याबाहेर राहिले पाहिजे. एवढ्यासाठी ती रेघ. तेथला वृद्ध रक्षक मुलास भिंतीला पाठ लावण्याची खूण करीत होता. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि घरच्या कोंकणीत अगदी सहज विचारले, "बाबा, हांगा उंच जावपाचें काय मोटवें?"

रक्षकास ते कळले नाही. भोवतालच्या कोणासही कळले नाही. त्या प्रश्नात लबाडी नव्हती, उपहास नव्हता. आपली उंची किती हे आपले शरीर ठरवीत नाही, त्या त्या भिंतीपाशी वडील ठरवितात, एवढेच तो शिकला होता आणि पुढचा धडा विचारीत होता.

कर्णपर्वात श्रीकृष्णांनी अर्जुनास असत्याचे अपवाद सांगितले आहेत: प्राणसंकट, विवाह, सर्वस्वाचे हरण, थट्टा. उलट जर्मन तत्त्ववेत्ता काण्ट याने 1797 साली लिहिलेल्या एका निबंधात मित्राचा घात करावयास दाराशी आलेल्या खुन्याशीही खोटे बोलू नये, असे प्रतिपादिले. आम्हांस काण्टचा हा कठोरपणा कधीच पटला नाही. श्रीकृष्णांचे व्यवहारज्ञान पटते. पण त्या उदार यादीतही अर्धे तिकीट बसत नाही. लहानपणी देवळातल्या कीर्तनात धर्मराजाच्या रथाची कथा ऐकताना आम्हांस वाटे की, भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ अश्वत्थाम्याविषयीच्या त्या अर्धसत्यानंतर खाली टेकला, त्यात एवढे काय बिघडले? चार अंगुळे ती काय!

दुसरी गोष्ट आठवली ती ग्लासगोची. तेथील सार्वजनिक बागेतील एका झुडपाची मोहक फळे खाऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. फळे विषारी होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने त्या प्रकरणी असे मानले की, जे मुलास भुरळ घालते ते त्याच्यापुढे निष्काळजीपणे ठेवणारा जबाबदारीतून सुटत नाही. मुलाने सावध असावे, असे म्हणून भागत नाही. हा निवाडा आम्ही जमीनमालकांच्या विरुद्ध अनेकदा वापरला आहे. बापाच्या विरुद्ध तो कोणी वापरीत नाही, कारण अशा दाव्यात वादी अज्ञान असतो, आणि त्याच्या वतीने दावा लावणारा पालक म्हणजे बहुधा आम्हीच.

"जितलो आसा तितलो रे," असे आम्ही म्हणालो. तो ताठ उभा राहिला, चार बोटे वर निघाला, व वर गेला.

ओल्या अंगानेच आम्ही खिडकीशी परतलो. फरक घेण्याची सोय त्या तरुणापाशी नव्हती. "अंदर गए बाद टिकट नई बदलता साब," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगे. आम्हांस नेमके काय हवे आहे हे त्यास शेवटपर्यंत उमगले नाही. तक्रार करावयास आलेली माणसे त्याने पाहिली होती, पैसे द्यावयास आलेली नव्हे. अखेर त्याने एक नवे पूर्ण तिकीट फाडले. अर्धे परत घेतले नाही, आम्हीही मागितले नाही.

ते तिकीट धाकट्याच्या हाती दिले आणि ते कशाचे, हे त्यास सांगितले. सांगताना वकिली भाषा उपयोगी पडली नाही. त्याने ते दप्तरात ठेवण्यासाठी मागून घेतले. पाण्याने त्याची शाई तोपर्यंत पसरली होती. संध्याकाळी बाहेर पडताना तो त्या पहिल्या रेघेपाशी थांबला, कोणी सांगितले नसता भिंतीस पाठ लावली, आणि डोक्यावर तळहात आडवा धरून वळून पाहिले. खिडकी तेव्हा बंद झाली होती.