वहीचे मागचे पान



सप्ताहात चार शब्द बोलायचे म्हणून तुम्ही वही घेऊन बसलात आणि एक ओळही उतरली नाही, असे कधी झाले आहे का? माझे झाले. आमच्या नाकाडोंगरीत धानाची रोवणी आटोपली की जरा मोकळीक मिळते. त्या दिवसांत पंधरा दिवस मी वही रोज उघडली आणि मिटली. कुणी विचारले तर म्हणायचो, "पांडुरंगाच्या मनात नाही अजून." पण हे खरे होते का? भीती माझी होती, वाईट ओळ लिहिण्याची. ती मी देवाच्या नावावर खपवत होतो.

एके संध्याकाळी नातीने वहीच्या मागच्या पानावर विठोबा काढला. पाय इतके लांब झाले की विटेला जागाच उरली नाही. "आबा, वीट तुम्ही काढा," म्हणाली. पुढच्या पानावर मी वाकडी वीट काढली आणि शेजारी सहज लिहिले, ही कुणी ठेवली? मग पुंडलिक आठवला. आईबापाची सेवा चालली होती, हाताला आली ती वीट त्याने मागे फेकली. घडवलेले आसन नव्हते ते. देव तिच्यावर उभा राहिला. त्या रात्री तीन पाने झाली.

तुम्ही विचाराल, देवाचे वाकडेतिकडे चित्र काढणे ही थट्टा नव्हे काय? थट्टेत समोरच्याला खाली पाडायचे असते. खेळात आपणच मोठेपण सोडतो. आपल्या वारीत फुगडी आहे, रिंगण आहे. तुकोबांनी विटीदांडू, चेंडू, हमामा यांवर अभंग रचले. आणि आरंभी अभ्यासात चित्त नव्हते, मग संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्याचे ध्रुपद धरले, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. तुम्हीही अडलात तर आवडता अभंग हाताने उतरवून पाहा. कडेला टाळ काढा, मोर काढा. मोबाईलवर नको, तिथे चुकलेली ओळ पुसली जाते आणि आपण चुकलोच नाही असे वाटू लागते. कागदावर खोडलेले दिसत राहते.

पोथीची नक्कल करताना मात्र खेळ नको. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. दुसऱ्याचा शब्द हाती असताना हात बांधलेलाच हवा. मोकळीक आपल्या वहीपुरती.

आमच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची उघडी खाण आहे. तिथे आधी वरची दगडमाती काढावी लागते. ती कुणी विकत घेत नाही, पण ती काढणाऱ्याला कुणी रिकामटेकडाही म्हणत नाही. माझी पहिली पाने तशीच होती. सप्ताहात त्यांतले काहीच बोललो नाही, विटेवर तेवढे बोललो. अडखळलोही दोनदा.

नातीचे पान मी फाडलेले नाही. माझ्या विटेखाली तिने नंतर दोन बेडूक काढले. बांधीत पाणी भरले होते ना तेव्हा.