उत्पत्तीचें चित्र

जें घडलें तेव्हां पाहणारा कोणीच नव्हता, त्याचें चित्र काढण्याचा अधिकार कोणास आहे? यहुदी व ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या आरंभीं सृष्ट्युत्पत्तीची जी सहा दिवसांची कथा आहे, तिच्याविषयीं हा प्रश्न विशेष तीव्रतेनें उभा राहतो. कारण त्याच ग्रंथांत पुढें पूजेसाठीं मूर्ति वा प्रतिमा करण्यास स्पष्ट मनाई आहे. कर्ता दाखवावयाचा नाहीं, पण कृति तर दाखवावीशी वाटते. अशा पेचांत सांपडलेल्या कांहीं कलावंतांनीं वर्तुळ, त्रिकोण व रेघ यांचा आश्रय केला, कांहींनीं सूत आणि लोंकर हातीं घेतली. हा आश्रय म्हणजे भक्ति कीं पळवाट, एवढ्याचाच विचार येथें कर्तव्य आहे.

आमचें राहणें रत्नागिरीस. आषाढांतल्या पहाटे मांडवीच्या धक्क्यावर उभें राहिलें असतां समोर समुद्र आहे कीं आकाश, हें कळत नाहीं. आवाज तेवढा ऐकूं येतो. मग पाठीमागें उजाडूं लागतें आणि समोरच्या एकरंगी काळिम्यांत केव्हां तरी एक आडवी रेघ उमटते. ती कोणी ओढलेली नसते, तिला रुंदीहि नसते. पण तिच्या वर जें तें आकाश आणि खालीं जें तें पाणी. आम्हीं हें शेंकडों वेळां पाहिलें असेल. परंतु ती कथा सावकाश वाचतांना प्रथमच लक्षांत आलें कीं, तिच्या पहिल्या तीन दिवसांत घडविण्यापेक्षां वेगळें करणेंच अधिक आहे. उजेड अंधारापासून, वरचें पाणी खालच्या पाण्यापासून, कोरडी भूमि समुद्रापासून. पशु, पक्षी, मनुष्य हे सारे मागाहूनचे. कुंभाराची उपमा मनुष्याच्या निर्मितीस शोभेल; आरंभास शोभते ती रेघच.

ही गोष्ट जुन्या कारागिरांस कळली होती, असें मानण्यास आधार आहे. स्पेनमधील जिरोना येथील मुख्य चर्चांत अकराव्या-बाराव्या शतकांतील एक मोठें वस्त्र जतन केलेलें आहे. उंची सुमारें 12 फूट, रुंदी सुमारें 15 फूट. लोक त्यास विणलेला पडदा म्हणतात, पण वास्तविक तें लोंकरी कापडावर लोंकरीच्याच धाग्यांनीं केलेलें भरतकाम आहे. मध्यें एक लहान वर्तुळ, त्याभोंवतीं मोठें वर्तुळ, आणि मधल्या जागेचे चाकाच्या आऱ्यांप्रमाणें आठ भाग. मधल्या वर्तुळांत ख्रिस्ताची आकृति बसविलेली आहे, म्हणजे मनाई तेथें पाळलेली नाहीं. खालच्या भागांत आदाम पशूंना नांवें देत आहे, पक्षी व मासे दाटीनें भरलेले आहेत. तेथें कारागीर रमला आहे हें उघड दिसतें. पण वर, आकाशमंडळ निर्माण होतें त्या भागांत, लाटांच्या मधोमध एक वर्तुळ आहे आणि दुसरें फारसें कांहीं नाहीं. सबंध वस्त्रांत आम्हांस अधिक विचार करावयास लावणारी जागा तीच. आकृति काढण्याचें कसब असूनहि तेथें हात आखडला आहे.

आधुनिक काळीं हा आखडलेला हात अधिक धीट झाला. न्यूयॉर्कचा बार्नेट न्यूमन (1905–1970) हा यहुदी चित्रकार. बापाचा कपडे तयार करण्याचा धंदा होता व त्यांत यानें कित्येक वर्षें काम केलें, ही गोष्ट त्याच्या चरित्रांत सहज येऊन जाते. आम्हांस मात्र ती विसरवत नाहीं. 1946 च्या सुमारास त्यानें आरंभ, उत्पत्ति अशा नांवांचीं चित्रें काढलीं. 1948 मध्यें एका तांबूस तपकिरी फलकावर मधोमध चिकटपट्टी लावून तिच्यावर नारिंगी रंग थापला, आणि तेवढ्यावरच तो थांबला. हें आपण काय केलें, हें समजून घेण्यांत त्यानें पुढचे कित्येक महिने घालविले.

येथें आक्षेपक म्हणेल, शीर्षक काढून घ्या, मग उरलें काय? एक पट्टा. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेणार नाहीं. उत्पत्ति, बीज, अनंत अशीं नांवें देऊन जें पुष्कळ खपविलें जातें, त्यास तो पुरेपूर लागू पडतो. परंतु त्याची एक साधी परीक्षा आहे. रेघ पुसून पाहावी. ती पुसल्यानें चित्रांत कांहींच बदलत नसेल, तर ती पळवाट होती. ती पुसतांच दोन्ही बाजू पुन्हा एकमेकींत बुडून जात असतील, तर तिनें कांहीं तरी वेगळें केलें होतें. न्यूमनची रेघ या परीक्षेस उतरते, असें आमचें मत आहे.

गोमंतकीय घराण्यांतील अँजेला त्रिंदाद (1909–1980) हिचें उदाहरण इतकें सोपें नाहीं. साडी नेसलेल्या मरियेचीं चित्रें काढणाऱ्या या बाईनें पुढें त्रिकोणांच्या रचनेवर उभी अशी स्वतःची शैली काढली व तिला आपल्या आडनांवावरून नांव दिलें. पोर्तुगीज भाषेंत त्या आडनांवाचा अर्थच त्रैक्य. त्रिकोण हें ख्रिस्ती लोकांचें जुनें चिन्ह असल्यामुळें तो पाहणाऱ्यास आधींच ठाऊक असलेला अर्थ सांगतो. ही सोय आहे, आणि धोकाहि. चिन्ह ओळखलें कीं डोळा पुढें पाहण्याचें सोडतो. रेघेस असें कोणी ओळखीचें नसतें.

सुताकडे वळलें म्हणजे प्रश्न थोडा निराळा होतो. माग चालूं होतो तोच ताण्याचे धागे दोन भागांत फांकवून, कांहीं वर, कांहीं खालीं. आणि त्यांमधल्या पोकळींतून धोटा जातो. वेगळें केल्यावांचून जोडणें तेथें शक्यच नाहीं. बृहदारण्यकांत गार्गी याज्ञवल्क्यास विचारते कीं, हें सर्व कशावर उभें-आडवें विणलेलें आहे. आपण रोज वापरतों तो ओतप्रोत हा शब्द त्याच विणकामाचा. फादर स्टीफन्स यानें 1616 मध्यें राचोल येथें छापून निघालेल्या ख्रिस्तपुराणांत ती सहा दिवसांची कथा मराठी ओवींत आणली, आणि ओवी म्हटली कीं आमच्या कानांस ओवण्याचीच आठवण होते. तेव्हां हा धागा आम्हांस परका नाहीं.

पण सातव्या दिवसाचें काय? सहा दिवसांचीं चित्रें निघतील. ज्या दिवशीं कर्त्यानें कांहींच केलें नाहीं, तो दिवस कशानें दाखवावयाचा? याचें उत्तर आम्हांस कोणत्याहि चित्रशाळेंत मिळालें नाहीं. तें आमच्या उत्तरेस, पूर्वींच्या कुलाबा व 1981 पासूनच्या रायगड जिल्ह्यांत मिळालें. बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि ग्रंथ समुद्रांत गेले. उत्पत्तीची कथा ज्यांत लिहिलेली तो ग्रंथच नाहीं. हे लोक कोंकणांत तेल गाळूं लागले. तरी शनिवारीं त्यांचा घाणा बंद. गांव त्यांस शनिवार तेली म्हणूं लागला. आज त्यांपैकीं बहुतेक इस्राएलांत गेले आहेत. अलिबागेस इस्राएल आळींतलें प्रार्थनामंदिर उभें आहे.

त्या थांबलेल्या घाण्याकडे आमचें मन वारंवार जातें. बैल सोडलेला, लाट स्थिर, आणि शेजारपाजारचे बाकीचे घाणे करकरत चालूं. पाहणाऱ्या कुणब्यास त्यांतून सृष्टीची कथा कळली नसेल. खुद्द तेल्यासहि ती कितपत सांगतां आली असती कोण जाणे. एक दिवस इतर सहांहून वेगळा आहे, एवढेंच त्यास दिसलें असेल. न्यूमनच्या फलकावर तरी त्याहून अधिक काय आहे?

आमच्या घरीं आजोबांचें एक उपरणें आहे. त्याच्या टोंकांस, जेथें विणकरानें बाणा भरणें सोडलें, तेथें ताण्याचे नुसते धागे लोंबत आहेत. आपण त्यांस दशा म्हणतों आणि धुतांना गुंता झाला कीं वैतागतों. परवां तें घडी करतांना त्या मोकळ्या धाग्यांवरच बराच वेळ हात राहिला.