क्रम्बलचा सातबारा

माझ्या नावावर या जगात तीन गोष्टी आहेत. गावाकडची वडिलार्जित सव्वा एकर कोरडवाहू जमीन, साताऱ्यातला दोन खोल्यांचा ब्लॉक आणि सफरचंदाचं क्रम्बल. पहिल्या दोहोंचे कागद आहेत. तिसऱ्याला कागद नाही, पण मालकी सगळ्यांत पक्की. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही मी दिसलो की कोणीतरी म्हणतंच, "काय हो, तुम्ही म्हणे विलायतेत फार झकास केक केलात!" तो केक नव्हता, एवढी दुरुस्ती मी करतो. आणखी एक दुरुस्ती वेळीच करायला हवी होती. ती राहून गेली. आज तिच्याचबद्दल सांगायचं आहे.

प्रकरण असं. आमची मुलगी आणि जावई इंग्लंडात नॉटिंगहॅमला असतात. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं सहा महिने त्यांच्याकडे जाऊन राहिलो. सप्टेंबर महिना होता. शेजारच्या आजीबाईंच्या परसात सफरचंदाचं झाड होतं आणि ते असं लगडलेलं की आजीबाई रोज सकाळी फळांची टोपली फाटकाबाहेर ठेवायच्या. ज्याला हवं त्याने न्यावं. फुकट सफरचंदं म्हटल्यावर मी पहिल्याच दिवशी एक दांडगं हिरवंगार फळ उचललं आणि तिथेच चावा घेतला. आपल्याकडे सफरचंद बहुधा आजारी माणसाच्या उशाशी भेटतं, त्यामुळे त्याच्याविषयी आपल्या मनात एक सौम्य भावना असते. ती भावना एका घासात संपली. दात आंबले, कान हलले.

"बाबा, ब्रॅम्ली आहे ते," मुलगी म्हणाली. "शिजवायचं सफरचंद. कच्चं नसतात खात."

आमच्या हिने दुसरं फळ उचललं, नखाने साल खरवडून वास घेतला आणि एकच शब्द उच्चारला, "कैरी." रात्री पानात गूळ घातलेला, मेथीच्या फोडणीचा मेथांबा होता. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ला. कोणी काही बोललं नाही. चांगल्या मेथांब्याचा गुणच तो. त्याच्याबरोबर पोळ्या किती गेल्या ते कळत नाही, आणि तो केला कोणी हा प्रश्न तर सुचतही नाही.

चार दिवसांनी आजीबाईंनी मला कुंपणापलीकडून क्रम्बलची दीक्षा दिली. पाय करायचा तर पिठाची पारी लाटावी लागते, तिला लोणी फार लागतं. क्रम्बलला लाटणंच नको. पीठ, लोणी, साखर बोटांनी चुरायची, सफरचंदाच्या फोडींवर पसरायची आणि ओव्हनमध्ये ठेवायची. महायुद्धात, १९४० पासून, तिकडे लोणी आणि साखर रेशनवर गेली. रेशनिंग पुरतं उठायला १९५४ साल उजाडलं. त्या ओढगस्तीच्या दिवसांत हा पदार्थ घरोघरी रुजला असं सांगतात. रेशनच्या रांगेतून आलेला पदार्थ म्हटल्यावर मला तो एकदम आपल्यातला वाटला. मैद्याच्या बरोबरीने ओट घालायचे म्हणजे वरचा थर कुरकुरीत होतो, ही आजीबाईंची खास सूचना. ओट म्हणजे दिसायला आपले जाड पोहेच. डॉक्टर जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या शब्दकोशात या धान्याची नोंद करताना, इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात, अशा अर्थाचा शेरा मारला होता. असा शेरा मी आमच्या तहसील कचेरीत मारला असता तर खातेनिहाय चौकशी लागली असती.

प्रमाण सोपं होतं. सफरचंदं पाऊण किलो. मैदा १०० ग्रॅम, ओट १००, लोणी १००, साखर १००. फोडींना चार चमचे साखर वेगळी, चिमूटभर दालचिनी आणि १८० अंशांवर ४० मिनिटं. सगळंच शंभर असल्यामुळे विसरायला वाव नव्हता. शनिवारी मी "आज मी करणार" अशी घोषणा करून ॲप्रन बांधला.

पुढचा भाग पंचनाम्याच्या शिस्तीने सांगतो. सफरचंदं हिने सोलली, कारण मी सोललेल्या पहिल्या सफरचंदाचा निम्मा गर सालीबरोबर गेला होता. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू हिने पिळलं. मैद्यात लोणी चुरायला मी घेतलं खरं, पण माझे हात गरम. लोणी वितळलं आणि चुऱ्याऐवजी गोळा होऊ लागला. मोहन पिठाच्या कणाकणाला नुसतं चोळलं गेलं पाहिजे, म्हणजे पीठ चिवट होत नाही, खुसखुशीत राहतं. हे शास्त्र ती ४० वर्षं करंज्यांच्या पारीत वापरत आली होती. तिने भांडं पुढे ओढलं, थंड लोण्याचा नवा तुकडा घेतला आणि बोटांच्या टोकांनी दोन मिनिटांत त्याचा रवा केला. ओव्हन मुलीने लावला. मी काय केलं? तो चुरा मी वरून भुरभुरवला. लग्नात अक्षता टाकून आलेल्या माणसाने "लग्न मीच लावलं" म्हणावं, तितपत माझा हातभार.

क्रम्बल मात्र असं काही झालं, की विचारू नका. खाली आंबटगोड, मऊ गर आणि वर कुरकुरीत सोनेरी थर. सोबत कस्टर्ड. हिला अंडं चालत नाही म्हणून पावडरीचं. ही बिनअंड्याची पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली शोधली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नसे, अशी माहिती जावयाने दिली. "म्हणजे नवऱ्याने स्वतः केली?" हिने चमचा थांबवून विचारलं. मग त्याने माझा फोटो काढला. ॲप्रन, हातात काचेचं भांडं, चेहऱ्यावर कृतकृत्यता. तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि कौतुकाचा पाऊस पडला. "वाहवा काका!" "वय विसरायला लावणारा उत्साह!" "काकू, नशीबवान आहात!" त्या वेळी नशीबवान काकू भांड्याच्या काठाला जळून बसलेली साखर सुरीने खरवडत होत्या.

मी म्हटलं, "अगं, सगळे माझंच नाव घेताहेत."

"असू दे हो," ती म्हणाली.

विषय तिथे संपला असता. पण पुढच्या रविवारी मुलीने आम्हांला साउथवेल दाखवायला नेलं. नॉटिंगहॅमपासून मोटारीने फार लांब नाही. जुनं मोठं चर्च असलेलं टुमदार गाव, आणि ब्रॅम्ली सफरचंदाचं जन्मस्थान. वाटेत तिने कथा सांगितली. १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या एका मुलीने तिथल्या आपल्या घराच्या बागेत सफरचंदाच्या बिया लावल्या. त्यातून हे झाड आलं. पुढे तिचं लग्न झालं आणि ती निघून गेली. १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. १८५६ साली हेन्री मेरीवेदर हा रोपवाटिकेवाला त्याच्याकडे कलमं मागायला आला. ब्रॅम्ली म्हणाला, खुशाल न्या, पण सफरचंदाला नाव माझं पाहिजे. तेच लागलं. बी पेरून ब्रॅम्ली येत नाही, कलमच लागतं. तेव्हा जगातलं प्रत्येक ब्रॅम्लीचं झाड, आमच्या शेजारच्या आजीबाईंचंसुद्धा, त्या पोरीने लावलेल्या एका झाडाचा तुकडा आहे.

मागच्या सीटवरून ही म्हणाली, "म्हणजे लावलं तिने, आणि नाव घर घेणाऱ्याचं?"

कोणी काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "बरंय. माझा मेथांबासुद्धा यांच्याच नावावर चढवून टाका."

मुलगी आणि जावई मोठ्याने हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा. तहसील कचेरीत मी ३४ वर्षं काढली आहेत, आणि नाव चढवणं हा माझा धंदाच होता. सातबारा, सातबारा आपण म्हणतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाची ते लिहितात, गाव नमुना १२ मध्ये तिच्यात काय पिकलं ते. सातमधलं नाव वाचायला सगळे धावतात. बाराकडे बघतो फक्त तलाठी. १९४८ चा कूळकायदा मी लोकांना तोंडपाठ समजावून सांगत असे. कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७ पासून कसणारं कूळ हेच मालक. हा कायदा अवघ्या जिल्ह्यात फिरला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थबकला, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एका गोडाच्या पदार्थावरून एवढं काय! आणि ब्रॅम्लीचीही काही बाजू असेल की. आहे ना. त्याने झाड तोडलं नाही. कलमं द्यायला नाही म्हणाला नाही. बिया तिने लावल्या हे खरं, पण त्यातून असं फळ येणार हे तिला तरी कुठे ठाऊक होतं? ती बियांची करणी. खरं म्हणजे सफरचंद घरोघरी पोचवलं मेरीवेदरने, आणि त्याने तर आपलं नाव मागितलंही नाही. असा हिशेब करत बसलं तर श्रेय वाटता वाटता सफरचंद नासून जाईल. हे सगळं मला पटतं. फक्त एक गोष्ट खटकते. हा उदार युक्तिवाद नेहमी ज्याचं नाव लागलेलं असतं त्यालाच का सुचतो? फळाची आशा धरू नये, हा गीतेतला उपदेशही आपण नेमका काम करणाऱ्यालाच ऐकवतो. फळ घेऊन निघालेल्याला वाटेत अडवून कोणी काही सांगत नाही.

पण हिनेच तर "असू दे हो" म्हटलं होतं! इथे माझ्या डोक्यात कचेरीतली घंटा वाजली. बाप वारला की वारसांची नावं चढायची, भावांबरोबर बहिणींचीही. मग पुष्कळदा काही महिन्यांत हक्कसोडपत्र यायचं. बहीण सही करायची, नाहीतर अंगठा उठवायची. भाऊ शेजारी उभा असायचा. त्या कागदात एक शब्द हटकून असे, 'स्वखुशीने'. तो शब्द मी किती वेळा वाचला, किती वेळा नकलून काढला! कोणाच्या चेहऱ्याकडे बघून तो ताडून पाहायचं काम माझ्याकडे नव्हतं. माझ्या सव्वा एकरावरही असाच एक फेरफार आहे. आक्काने सही केली, हिने केलेली पुरणपोळी खाल्ली, आहेराची साडी घेतली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेली. निघताना मी काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाली, "असू दे रे."

'असू दे हो' आणि 'असू दे रे'. मजकूर एकच, मुद्रांक तेवढा वेगळा. सोडणाऱ्याने सोडलं, एवढ्यावरून घेणाऱ्याने घ्यावंच, असं कुठे आहे? आणि जी माणसं कशालाच कधी नको म्हणत नाहीत, त्यांची स्वखुशी मोजायची कोणत्या मापाने?

त्या रात्री नॉटिंगहॅमहून मी आक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "आक्का, ती सही तू खरंच स्वखुशीने केली होतीस का गं?"

थोडा वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "तिकडे थंडी फार आहे का रे?"

मी थंडीचं सांगितलं. त्या सव्वा एकराचे कागद आता साताऱ्याला माझ्या टेबलावर काढून ठेवले आहेत. पुढच्या आठवड्यात आक्का यायची आहे. या खेपेला आधी पुरणपोळी होईल आणि मग बोलणं. ती काय म्हणेल ते म्हणो, पण मी तिच्या तोंडाकडे बघून ऐकणार आहे.

क्रम्बलची दुरुस्ती मात्र मी तिकडे असतानाच करायला गेलो. ग्रुपवर रीतसर लिहिलं: सफरचंदं हिने सोलली, लोणी हिने चुरलं, भांडं हिने घासलं, माझं काम वरून भुरभुरवण्याचं. पाच मिनिटांत उत्तरं आली. "केवढा हा मोठेपणा!" "काका, असे नवरे आता राहिले नाहीत!" "काकू, खरंच नशीबवान आहात!" माझ्या नावावर होतं ते होतंच, वर विनम्रपणाही चढला.

तेव्हा एकच उपाय उरला. येत्या शनिवारी स्वयंपाकघरात कोणी यायचं नाही, असं बजावून मी एकट्याने क्रम्बल केलं. सफरचंदं सोलली, पाऊण किलोची अर्धा किलो झाली. हात बर्फाच्या पाण्यात बुडवून लोणी चुरलं. ओव्हन मीच लावला आणि घाईघाईत १८० ऐवजी २२० वर लावला. ओट वरून करपले, फोडी आत कच्च्या राहिल्या. सगळ्यांनी प्रेमाने एकेक चमचा घेतला आणि कस्टर्डची स्तुती केली. या खेपेला कोणी फोटो काढला नाही. मग मी बाह्या सरसावून ते काचेचं भांडं घासायला घेतलं. काठावरची काळी साखर निघायला तब्बल पाऊण तास लागला.

ही आली. भांडं उजेडात धरून तिने फिरवून फिरवून पाहिलं, काठावरून बोट फिरवलं.

"क्रम्बल काही जमलं नाही हो," ती म्हणाली. "पण भांडं छान घासलंत."

मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत कोणाचाही बोजा नसलेली अशी ही एकच.