बांधकामाला वारस हवा

चंद्रपूरच्या लालपेठ भागात दगडाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी दशमुखी दुर्गेची, एकाच शिळेत कोरलेली, सुमारे 25 फुटांची. जवळच शिवलिंग आहे, नंदी आहे. लोक या जागेला अपूर्ण देवालय म्हणतात. गोंडराजांच्या काळात रायप्पा नावाच्या कोमटी व्यापाऱ्याने इथे शंकराचं मोठं देऊळ बांधायचं मनात धरलं, कारागीर लावले, मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ उभं राहायच्या आत तो गेला, असं सांगतात. त्याच्यामागे ते काम कुणी हाती घेतलं नाही.

याच शहराला परकोट आहे. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहाने त्याची मुहूर्तमेढ रोवली. तट एका राजाच्या आयुष्यात पुरा होण्यासारखा नव्हताच. एकामागून एक राजे झाले, काम पुढे सरकत राहिलं आणि परंपरेप्रमाणे धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत तट पूर्ण झाला. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे त्याचे दरवाजे आजही आपल्या पत्त्यांमध्ये आहेत. पाया खणणाऱ्या बेलदाराने वरच्या चर्या पाहिल्या नसतील, त्याच्या नातवानेही कदाचित नसतील. तरी तट झाला, कारण थांबलेल्या जागेवरून काम उचलणारा कुणीतरी प्रत्येक वेळी होता.

खाली दुकानांचे गाळे आणि वर फ्लॅट अशी एखादी अर्धवट इमारत दिसली की मला ही दोन्ही बांधकामं आठवतात. अशी इमारत पाहणाऱ्याला ओळखायला वेळ लागत नाही. कॉलमच्या डोक्यातून बाहेर आलेल्या सळया गंजून तांबूस झालेल्या असतात. तळघरात मागच्या पावसाळ्याचं पाणी साचलेलं, दुसऱ्या स्लॅबच्या फटीत पिंपळ. दर्शनी फलकावरचं रंगीत चित्र उन्हाने उडून फिकट निळं झालेलं. त्या चित्रातल्या गाळ्यांसमोर मात्र गाड्या उभ्या असतात, बायका-मुलं पिशव्या घेऊन चाललेली असतात.

माझ्या परिचयातल्या एका गुरुजींनी अशाच एका इमारतीत पैसे गुंतवले. नोकरी सारी गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत गेली. निवृत्त झाल्यावर चंद्रपुरात राहावं, दवाखाना जवळ असावा, मुलाने खालच्या गाळ्यात दुकान टाकावं, आपण वर राहावं, एवढाच बेत. निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा त्यात गेला, उरलेल्यासाठी मुलाच्या नावावर कर्ज. आता घरभाडं, दुकानभाडं आणि कर्जाचा हप्ता असं तिहेरी ओझं त्या घरावर आहे. चौकशीला फोन केला की उत्तर येतं, "गुरुजी, दिवाळी होऊ द्या, काम लागते पाहा." दिवाळी झाली की होळी. गुरुजींच्या पत्नीने लग्नातली पितळी पातेली, घंगाळ, मोठा हंडा अजून पोत्यातच शिवून ठेवला आहे. नव्या घरात काढू, म्हणतात. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा नाही, दारात तुळस लावायची तर कुंडी हलकी हवी, पाहुण्यांना राहायला बोलवायचं ते पुढच्या वर्षी. पैशाचं नुकसान मोजता येतं. पण साठीनंतरची चांगली वर्षं अशी तात्पुरत्या राहणीत निघून जातात, त्यांचा हिशेब कुठल्या दाव्यात मांडायचा? मला या प्रतीक्षेचं सगळ्यांत जास्त दुःख वाटतं ते इथे.

चंद्रपूर-गडचिरोली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला थांबण्याची सवय लागली आहे, किंवा लावली गेली आहे. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते 22 एप्रिल 1988 रोजी झालं. त्या वेळी जन्मलेल्या मुलांची मुलं आता शाळेत जातात आणि कालव्याच्या पाण्याची विचारणा अजून चालूच असते. गडचिरोली जिल्हा 1982 साली झाला, पण वडशाहून जिल्ह्याच्या गावी रेल्वे यायची म्हणून एक पिढी वाट पाहत मोठी झाली. सरकारी प्रकल्पाच्या बाबतीत अर्ज आणि मोर्चा यापलीकडे आपल्या हातात फारसं नसतं, म्हणून आपण सोशीक झालो. तीच सोशिकता आपण खासगी बांधकामालाही लावतो. तिथे मात्र आपल्या कपाटात नोंदणी केलेला करारनामा असतो, त्यावर ताब्याची तारीख असते आणि आपण दिलेल्या पैशांच्या पावत्या असतात.

काम थांबण्याची सगळी कारणं खोटी नसतात, हेही मान्य केलं पाहिजे. या भागात जमिनीचाच प्रश्न अवघड आहे. खाली कोळसा आहे. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट 2022 मध्ये एक राहतं घर बघता बघता जमिनीत गडप झालं. जुन्या खाणींच्या परिसरात पाया घालताना काळजी घ्यावीच लागते. इरई नदीची पूररेषा आहे. शिवाय झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर झुडपी जंगल अशी नोंद असलेल्या जमिनींवर कितीतरी घरं, शाळा, कार्यालयं उभी राहिली आणि वर्षानुवर्षं कायद्याच्या कचाट्यात राहिली. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजी या जमिनी वनच आहेत असा निर्णय दिला आणि 12 डिसेंबर 1996 पूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट मोकळी ठेवली. जंगलाच्या जिल्ह्यात राहणारा माणूस म्हणून मला हे योग्यच वाटतं. पण जमिनीची नोंद काय आहे हे पैसे घेण्यापूर्वी पाहणं विकणाऱ्याचं काम आहे. नंतर सापडलेल्या अडचणीचा भार घेणाऱ्याने का वाहावा?

दुसरं कारण जास्त वेळा आढळतं. एका इमारतीसाठी गोळा झालेले पैसे दुसऱ्या जागेच्या खरेदीत जातात, दुसरीचे तिसरीत. कुठेतरी विक्री मंदावते आणि सगळीच कामं एकदम अडतात. बांधकाम व्यवसायाचं नियमन करणारा रेरा कायदा आला तो यासाठीच. महाराष्ट्रात तो राबवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाचं काम मे 2017 पासून सुरू झालं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवरच खर्च करायची, अशी त्यात सक्ती आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्याची तारीख टळली तर कलम 18 प्रमाणे व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागता येतं. गाळ्यालाही हे लागू आहे. गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. गाळा म्हणजे धंद्याची बाब, तिला संरक्षण नसणार, अशी त्यांची समजूत होती, आणि ती पुष्कळांची आहे.

माझ्या दृष्टीने या कायद्यातलं मोलाचं कलम मात्र आठवं. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली, तर उरलेलं काम पुरं करून घेण्याचा पहिला हक्क घेणाऱ्यांच्या संघटनेला आहे. रायप्पाच्या देवळाला जे मिळालं नाही ते या कलमाने देऊ केलं आहे: मागे राहिलेलं काम हाती घेणारा वारस. फक्त तो वारस एकटादुकटा असून चालत नाही, संघटना लागते. आणि इथेच आमचं अडतं. गुरुजींच्या इमारतीत कितीतरी जणांनी पैसे भरले आहेत. कुणी मूलचा, कुणी ब्रह्मपुरीचा, कुणी आलापल्लीचा. प्रत्येकजण वेगळा फोन करतो, प्रत्येकाला तेच दिवाळीचं आश्वासन मिळतं आणि आपला बिल्डरशी घरोबा आहे, आपलं काम आधी होईल, असं प्रत्येकाला वाटत राहतं. बोललो तर संबंध बिघडतील ही भीती. एकमेकांची नावंसुद्धा त्यांना माहीत नाहीत.

या शहराने एकत्र येऊन काम उचलण्याचं उदाहरण अलीकडेच घालून दिलं आहे. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेचे तरुण रोज सकाळी परकोटावर जाऊ लागले, बुरुजांवरचा झाडोरा आणि कचरा काढू लागले. शेकडो दिवस ते काम चाललं. किल्ला त्यांच्यापैकी कुणाच्याच नावावर नव्हता.

गुरुजींनी आता महारेराच्या संकेतस्थळावरून प्रकल्पाची माहिती काढली आहे. किती गाळे, किती फ्लॅट विकले गेले याचा आकडा तिथे आहे. निम्म्याहून जास्त नोंदणी झाली की संस्था स्थापन करून देणं ही विकासकाची जबाबदारी ठरते, हेही त्यांना वाचायला मिळालं. एका जुन्या शालेय वहीत ते घेणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर उतरवत आहेत. येत्या रविवारी पहिली बैठक आहे. वेगळ्या खात्यात किती पैसे शिल्लक आहेत, जमिनीवर कर्ज आहे का आणि उरलेल्या कामाचा खर्च किती, हे तीन प्रश्न सगळ्यांच्या सहीने लेखी विचारायचे, एवढाच विषय ठेवला आहे. आलापल्लीच्या गृहस्थांना परतीची शेवटची एसटी मिळावी म्हणून बैठक सकाळी 11 वाजता ठेवली आहे.