संघाचा मालक कोण?

होडी कुणाची, असे गोराईत कुणालाही विचारावे. उत्तर तत्काळ मिळते. पण जाळ्यात आलेली मासळी कुणाची, या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. तीत होडीचा वाटा असतो, जाळ्यांचा असतो आणि रात्रभर जागलेल्या खलाशांचाही असतो. फुटबॉल संघाच्या मालकीचा विचार करताना मला ही वाटणी आठवते.

गोव्यातील उद्योगपती श्रीनिवास धेंपो यांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबने 2005 ते 2012 या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. 2009 मध्ये धेंपो उद्योगसमूहाने आपला खाणव्यवसाय सेसा गोवा कंपनीला विकला. क्लब मात्र विकला नाही. ज्याने संपत्ती दिली ते सोडले आणि ज्यावर खर्च होत होता ते राखले. यामागे व्यापारी हिशेबापलीकडचे काही असावे.

ते काय असावे? 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता कोसळला आणि मरण पावला. क्लबने त्याचा 10 क्रमांक पुन्हा कुणाला दिला नाही. पगार देऊन खेळाडूचे श्रम मिळतात, त्याचा प्राण मिळत नाही, याची ती कबुलीच होती.

तथापि धेंपोंना आदर्श ठरविण्याची घाई नको. 2014 मध्ये नव्या इंडियन सुपर लीगमधील एफसी गोवा संघाच्या भागीदारांत तेही होते. 2016 मध्ये त्याच स्पर्धेला देशात अग्रस्थान देण्याच्या योजनेच्या निषेधार्थ साळगांवकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. निषेधाचे कारण रास्त असेलही. परंतु तत्त्वाची किंमत नेहमी तत्त्व मांडणाऱ्यालाच मोजावी लागते असे नाही. राष्ट्रीय पातळीवर खेळण्याची उमेद बाळगणाऱ्या तरुणाची ती संधी गेली. धेंपो क्लब गोव्यात खेळत राहिला आणि 2024 मध्ये आय-लीगमध्ये परतला. पण खेळाडूच्या आयुष्यात आठ वर्षे म्हणजे बहुधा सारी कारकीर्दच.

आपल्या मुंबईत महिंद्र युनायटेडने 2006 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये तो संघ बंद झाला. पैसा कंपनीचा, निर्णयही कंपनीचा. त्याला अन्याय म्हणता येणार नाही. तरीही कूपरेज मैदानावर वर्षानुवर्षे त्या संघासाठी घसा कोरडा केलेल्या माणसाचे काहीतरी गेलेच. त्याची नोंद कुठल्याही ताळेबंदात नाही.

होडी विकण्याचा अधिकार मालकाला आहे. परंतु विकण्यापूर्वी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे एकवार पाहण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे. कायदा एवढेच सांगतो की संघ कुणाच्या नावावर आहे. तो कुणाच्या भरवशावर उभा आहे, हे मालकाच्या सदसद्विवेकानेच ओळखायचे असते. आपल्यापैकी ज्यांच्या हाती शाळा, पतपेढी किंवा लहानसा धंदा आहे, त्यांनाही हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.